जाळी नको म्हणणारे बडेबाबू

रामटेके बडेबाबू सदर बाजारात आरसा घेऊन जायचे. दाढीचा, पत्र्याच्या चौकटीतला आरसा. सराफांच्या पेढ्या आणि स्कूटरींचे हॉर्न ओलांडून ते शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात शिरायचे, स्टुलावर बसायचे आणि आरसा काचेला लावून एकेका माशाला त्याचं तोंड दाखवायचे. जो मासा स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जाई, तो नापास. जो घाबरून कोपऱ्यात दडे, तोही नापास.

"पाहून न पाहिल्यासारखं करते, तोच खरा शेजारी," ते म्हणायचे.

आई म्हणायची, "एवढ्या बारकाईनं तर लोक सूनही पाहत नाहीत."

चौबे कॉलोनीत आमच्या वरच्या खोलीत ते भाड्याने राहायचे. जुन्यातून फुटलेलं राज्य नवं, राजधानी नवी. भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या आणि फायलींमागे बाबू लोक आले. बडेबाबू त्यांतलेच. मूळचे भंडाऱ्याचे, आमच्यासारखेच मराठी, म्हणून बाबांशी त्यांचं दोन वाक्यांत जमलं. घरी कोण कोण असतं, असं विचारलं की "येतील, येतील," म्हणायचे आणि विषय टाकीवर न्यायचे.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंत अडवणारी ती टाकी. टाकीत सिक्लिड माशांची जोडी. अंगावर कैद्यांच्या कपड्यांसारखे काळे पट्टे, आणि स्वभाव जेलरचा. पाण्यात बोट घातलं तर बोटाला चावायचे. जोडी जमलेली होती, अंडी घालायला मातीची कुंडीही निवडून झाली होती. पण नर मादीला उठता-बसता मारायचा. तिचं शेपूट फाटलं, एका बाजूचे खवले गेले. ती पंपाच्या मागे लपून राहायची. हे आणखी काही दिवस चाललं असतं तर ती वाचली नसती.

मासेवाल्याने सोपा उपाय सांगितला. "बड़े बाबू, बीच में जाली लगा दो. आधा इसका, आधा उसका. झगड़ा खतम."

बडेबाबू स्टुलावरून उठलेच. "वाटणी? वाटणीनं झगडा मिटते? कोण सांगतलं तुले?" मासेवाल्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण तो दोन पावलं मागे सरला. "एकाच टाकीत ठेवीन. जाळी नाही लावणार म्हणजे नाही लावणार!"

मग मासेवाल्यानेच दुसरा उपाय सांगितला. टाकीत दोघंच असले की एकमेकांचे लचके तोडतात. तिसरं कोणी समोर दिसलं की दोघं मिळून त्याच्यावर धावतात, आणि आपसातलं विसरतात. फक्त तो तिसरा टिकायला हवा. म्हणून हा आरसा, आणि म्हणून ही स्थळं पाहणं.

पहिला आला गोल्डफिश. "शांत आहे. खात्यापित्या घरचा," बडेबाबूंनी ओळख करून दिली. संध्याकाळी तो अर्ध्या शेपटीनिशी बादलीत होता. मग आला एंजल, लांब पंखांचा, डौलदार. त्याचे पंख जेवणाआधीच गेले. चिडून त्यांनी दांडगा ऑस्कर आणला. त्याने टाकीचा ताबा घेतला, सगळ्यांचे दाणे एकट्याने खाल्ले, आणि ही जोडी कुंडीत दडून बसली. तोही परत. मासेवाला प्रत्येकाला ठेवून घ्यायचा आणि म्हणायचा, "लो, एक और ससुराल से लौट आई!"

मी तेव्हा बाबांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाळण्यापेक्षा सायक्लोस्टाइलचं यंत्र आधी आलं होतं. मला हा प्रकार पाहवेना.

"बडेबाबू, तुम्ही एकेकट्याला पाठवता आणि तो मार खातो. एकट्याला कोणीही मारतं. जमाव पाठवा!"

"काय बोलून राहिली, पोट्टी? हे मासे आहेत. तुह्या बाबाचे कामगार नाहीत."

"तेच सांगते. मालक कोणावर धावणार? एकाला पकडेपर्यंत बाकीचे मागून येतील."

ते बाह्या वर सारत टाकीपाशी गेले. मग म्हणाले, "हव. पण आधी सगळ्यांची बदली करतो."

बदली म्हणजे, त्यांनी कुंडी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, दगड उलटसुलट लावले, रेती सपाट केली. "आता कोणती खुर्ची कोणाची, हे कोणालेच माहीत नाही. सगळेच नवे. आमच्या ऑफिससारखं." आणि त्या गोंधळात त्यांनी डॅनियो माशांचा थवा सोडला. बोटाएवढे, चांदीसारखे, विजेसारखे चपळ, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारे.

नर त्यांच्यावर धावला. थवा फुटला, पुढे जाऊन पुन्हा एक झाला. नर पुन्हा धावला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पंपामागून मादी बाहेर आली आणि नवऱ्याच्या बरोबरीने धावली. थकून दोघं कुंडीच्या तोंडाशी येऊन थांबली, एकमेकांना चिकटून, तोंडं बाहेरच्या बाजूला. त्या दिवसापासून नराने मादीला हात, म्हणजे पंख, लावला नाही. डॅनियोंचा एक खवलाही गेला नाही.

मग एका रविवारी गच्चीवरून आरोळी आली. "जितलो! पोट्टी, वर ये! जितलो!"

कुंडीबाहेर पिल्लांचा ढग तरंगत होता. खाली रेतीवर आई, वर बाप, आणि त्याहून वर तो निर्धास्त थवा. अर्धी कॉलोनी जिना चढून आली. मी "संघटनेचा विजय असो!" अशी घोषणा दिली, तर बडेबाबूंनी मला गप्प केलं. "हळू. पोट्टे घाबरतील."

आणि ते थेट आमच्या घरात आले, फोन उचलून भोपाळचा नंबर फिरवला.

"सुमन, पिल्लं झाले! दोघं एकाच टाकीत आहेत. जाळी नाही लावली!"

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. राज्य वाटलं तेव्हा सरकारने माणसंही वाटली होती. बडेबाबू इकडच्या यादीत निघाले, त्यांच्या बायकोचं, म्हणजे या सुमनचं, सरकारी खातं तिकडेच भोपाळला राहिलं. बदलीचा अर्ज तू करायचा की मी, यावर दोघं इतकी भांडली होती की एकमेकांना फोन करणंच बंद झालं होतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त बडेबाबूंचा पडलेला आवाज ऐकू येत होता.

"नाही, खोटं काहून सांगू?... हो, लहान आहेत लय... तुले पाहाचे आहेत?... कधी?"

त्यांनी फोन ठेवला आणि तिथेच उभे राहिले. इतका मोठा विजय मिळवलेला माणूस असा गोंधळलेला मी पाहिला नव्हता.

"येऊन राहिली," ते आईला म्हणाले. "शनिवारी."

"अहो, मग चांगलंच झालं!"

"हव." ते दारापर्यंत गेले, आणि परत आले. "वहिनी, एक कप द्या बरं, बशीसहित. माह्याकडं एकच आहे."