आपा तोडणकरांचा चिमटा

आपा तोडणकर मासळी बाजारात भिंग घेऊन जातात. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्यात अडकवतात तसलं काळं, नळीसारखं भिंग. टोपलीतला बांगडा उचलतात, कल्ला उघडून आत डोकावतात, मग मासा पालथा करून दुसरी बाजूही तितक्याच सावकाश बघतात. मागे माणसं खोळंबतात.

“आपानू, बांगडो इकत घेतास काय त्येका पोरगी देतास?” मासेवाली ओरडते.

“पुढून सगळेच बरे दिसतत गो. माल पाठीर कळता.”

आणि एवढं करून घेतात ते दोन बांगडे. घरात माणसंच दोन. आपा आणि माई. मुलगी लग्न होऊन पुण्याला.

पाठीचं हे वाक्य मुळात बांगड्याचं नाही, पोस्टाच्या तिकिटांचं आहे. आपा शाळकरी वयापासून तिकिटं जमवतात. तिकिटाची खरी परीक्षा मागून होते. डिंक शाबूत आहे का, कागद कुठे सोलून पातळ झालाय का, कोणी गुपचूप ठिगळ लावलंय का. पण आपांनी हा नियम साऱ्या जगाला लावला. लग्नपत्रिका हातात आली की आधी पालथी. नवा टॉवेल आधी पालथा. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार हात जोडून दारात आला, तर आपा त्याला म्हणाले, “वायच पाठ कर.” तो बिचारा गोंधळून वळला. आपांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “बरा. आता असोच सरळ जा.”

आमची घरं मालवणात शेजारी-शेजारी, मध्ये एक गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. मी निवृत्त शिक्षक. त्यामुळे आपांचे सगळे प्रयोग मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यातले बरेच गावभर सांगितलेही आहेत. त्यातला एक मी चुकीचा सांगितला. तो दुरुस्त करायचा म्हणून हे लिहितोय, पण आधी माणूस कळायला हवा.

आपांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी एक चिमटा असतो. चपट्या, बोथट टोकाचा, चकचकीत. तिकीट उचलायचं ते ह्या चिमट्याने. “बोटाक तेल आसता,” हे त्यांचं दुसरं ब्रह्मवाक्य. पोस्टमन पाकीट हातात देऊ लागला की आपांच्या जिवावर येतं. ते घरातून जेवणाचं ताट आणून पुढे धरतात. पाकीट ताटात ठेवायचं. नवीन पोस्टमनला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला जेवायलाच बोलावलंय.

तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची एक पट्टी त्यांच्याकडे आहे. त्या पट्टीने त्यांनी न्हाव्याचा कंगवा मोजला आणि “दोन दाते कमी आसत” म्हणून त्याला परत केला. कधी गडग्यावरून हाक येते, “मास्तर, स्कूटरीतला चार थेंब पेट्रोल दी.” मग एका काळ्या बशीत तिकीट पालथं घालून त्यावर ते चार थेंब सोडायचे. कागद ओला होतो आणि त्याच्या पोटातली, एरवी न दिसणारी चांदणीची खूण हळूहळू वर येते. क्षणभर दिसते. पेट्रोल उडालं की गेली. आपा दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखे “इली, इली!” म्हणून ओरडतात.

पावसाळ्यात कोकणातली हवा डिंकाची वैरी. तिकिटं एकमेकांना चिकटतात. म्हणून आपांच्या कपाटात वह्यांच्या खाली चार महिने दिवा जळतो. माई म्हणायच्या, “माझ्या लुगड्यांका बुरशी इली तरी चलात. कपाटातल्या राजा-राणीक सर्दी होवक नको!” आपा खुशीत हसायचे. त्यांना ती तक्रार वाटतच नसे.

आता तो चुकीचा सांगितलेला प्रसंग.

गेल्या दसऱ्यानंतर एके दिवशी आपांनी मला बोलावून टेबलाशी बसवलं. समोर तिकिटं, हातात चिमटा दिला. “उचल.”

“कित्याक?”

“उचल म्हटलंय ना.”

मी उचललं. तिकिटाचा कोपरा दुमडला. “शिरा पडली ती! चिमटो धर रे, बांगडो नको धरू!” आपा कळवळले. मग रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. आधी कोरडी तिकिटं. मग पाण्यात भिजवलेली, लोण्यासारखी मऊ झालेली. “श्वास धर. आता मनगट टेक. दाबू नको, नुसता सांग तेका, वर ये म्हणून.” जन्मभर पोरांना शिकवलेला मी, सत्तरीनंतर विद्यार्थी झालो. मला वाटलं, आपांना वारस हवाय. थोडा सुखावलोही.

मग दिवाळी झाली आणि आपांनी पुढची इयत्ता काढली. अंगाच्या साबणाच्या वडीत त्यांनी रंगाच्या कुंचल्याचे केस एकेक करून रोवले होते. भिंग लावून, चिमट्याने एक केस उपटायचा. मधेच तुटता कामा नये. तुटला की आपा वडी फिरवून दुसरा केस पुढे करायचे.

“आपा, तिकिटां खंय गेली?”

“तिकिटां मागीर. केस काढ.”

चार-पाच दिवस मी साबण उपटला. सहाव्या दिवशी चिमटा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “माका काय खुळो समजलंस?” आपा भिंग धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मी निघून आलो.

आणि चहाच्या टपरीवर मी ही हकिकत रंगवून सांगितली. लोक हसले. हसले की सांगणारा आणखी वाढवत जातो. मी म्हणालो, “माईंचे डोळे महिनाभर लाल आहेत, पाणी गळतंय, आणि हा गृहस्थ साबणाचे केस उपटतोय!” तेवढं वाक्य गावाने धरलं. तोडणकरांचा जीव बायकोपेक्षा तिकिटांवर, असं आजही कुणी कुणी म्हणतं. ते कुणी कुणाकडून ऐकलं हे शोधत गेलं, तर ते माझ्यापाशी येऊन थांबेल.

शिमग्याच्या आधी एका दुपारी मला जेट्टीवर गरीला, म्हणजे गळाला, बरे मासे लागले. त्यातले दोन घेऊन मी आपांच्या मागच्या पडवीत गेलो. माई उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसल्या होत्या. उजव्या हातात तो चकचकीत चिमटा, स्वतःच्या डोळ्याशी नेलेला. समोर आपा दोन्ही हातांनी आरसा धरून उभे. आणि आरसा थरथरत होता. थोडाथोडका नाही, भिंतीवर पडलेला त्याचा कवडसा छपरापर्यंत नाचत होता.

“बरे इलास, भावजी,” माई म्हणाल्या. “वायच आरसो धरा. ह्येंच्या हातात तो होडयेसारखो हलता.”

मी मासे खाली ठेवले. माईंनीच सांगितलं. पापणीचे केस आतल्या बाजूला वळून वाढतात. दिवसभर बुबुळाला घासतात, कुसळ गेल्यासारखे. कुडाळच्या डॉक्टरांनी एकदा शस्त्रक्रिया केली, तरी पुन्हा आले. केस वाढले की काढायचे, एवढाच इलाज. नाहीतर बुबुळावर डाग पडून नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीत बसलं की माईंना उलट्या होतात, म्हणून डॉक्टरांनी आपांना शिकवलं होतं. बोथट टोकाचा चिमटा पाहून तेही खूश झाले होते. गेली कित्येक वर्षं आपा ह्याच पडवीत भिंग लावून ते केस काढत होते.

“मागीर ह्येंचो हात हलाक लागलो. शेजारच्या पोरीन एकदा काढूक बघला, तर केस मधेच तुटलो. तुटलेलो जास्त टोचता. म्हणान आता मीच आरशात बघून काढतंय.”

मी आपांकडे बघितलं. “सांगायचं तरी, आपा! नुसतं विचारायचं!”

“इचारलंय आसतंय तर तू हो म्हटलं असतंस,” आपा म्हणाले. “तुजो सभाव म्हायत आसा माका. माका तुजो ‘हो’ नको होतो. हात व्हयो होतो. तू गरी बांधतंस तो मी गडग्यावरसून बघलंय. पण माणसाच्या डोळ्याकडे तसोच कसो नेतलंय तुका?”

मी हात साबणाने स्वच्छ धुऊन आलो. आपांनी चिमटा गरम पाण्यात बुडवून, पुसून माझ्या हातात दिला आणि भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. माईंची हनुवटी वर केली. भिंगातून त्यांची पापणी दिसली, लाल, सुजलेली, आणि आत वळलेले पाच-सहा बारीक केस. माझ्या कानाशी आपांचा आवाज आला, “मनगट टेक तिच्या गालार. भियाव नको. ती हलणा नाय. कधीच हलाक नाय.”

पहिला केस आला. आपांनी काळी बशी पुढे धरली, मी तो त्यावर ठेवला. त्यांनी खिशातलं दुसरं भिंग काढून वाकून बघितलं. “मुळासकट आसा,” म्हणाले. दुसरा, तिसरा. एक तुटतो की काय असं वाटलं, पण तो आला. सगळे निघाले तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

माईंनी डोळे मिटून घेतले, पाणी पदराने टिपलं, आणि सावकाश उघडले. आधी परसातल्या माडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग आपांकडे बघून थांबल्या. स्टुलावरून उठल्या, आपांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. गालावर, गळ्यावर, कानाखाली दाढीच्या ब्लेडचे बारीक काप होते, काही सुकलेले, काही त्याच सकाळचे.

“अवो, ह्यां काय? कितके कापून घेतलास?”

“कायएक नाय. ब्लेडाक धार नाय.”

माईंनी बोटाने एकेक काप चाचपला. आपा लहान मुलासारखे तोंड वर करून उभे राहिले.

“फाल्या सकाळपासून दाढी मी करतलंय,” माई म्हणाल्या आणि मासे उचलून आत गेल्या.