चिमटा लावलेलं पाकीट

“डोळे सगळ्यांना असतात, नजर एखाद्यालाच असते. आणि तो एखादा तुमच्यासमोर उभा आहे,” असं भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्मा देताना सांगत. चष्म्याचं दुकान हे म्हणे त्यांचं वरवरचं सोंग, खरा पिंड गुप्तहेराचा. त्यांनी आजवर शोधून काढलेल्या गुन्हेगारांची नावं इतकी गुप्त होती, की खुद्द गुन्हेगारांनाही त्यांचा पत्ता नव्हता. त्यांचा मेहुणा दुकानात काचा घासायचा आणि तपासात मदतनीस व्हायचा. भाऊजी पडले बहिणीचा नवरा, बिचारा बोलणार काय?

त्या रविवारी दुकान बंद होतं, म्हणून गुन्हा घरात घडला.

ताईने, म्हणजे मेहुण्याच्या बहिणीने, विकतच्या वेफरवर कधीच बंदी घातली होती. “अर्धं पाकीट हवा! हवेला कशाला पैसे मोजायचे?” असं म्हणून तिने किसणी काढली, बटाट्याच्या पातळ चकत्या पाडल्या, गार पाण्यात टाकल्या, फडक्यावर सुकवल्या आणि तळल्या. पहिला घाणा चामडं झाला, दुसरा कोळसा. पण बाई हटली नाही. आता तिचे वेफर इतके जमले होते, की शाळेच्या उपाहारगृहाच्या बाईंनी नमुना चाखून दर आठवड्याला मागवायची तयारी दाखवली होती. हो की नाही, ते आज फोनवर कळवायचं होतं. ताईचं मात्र अजून ठरत नव्हतं, कारण घरात कोणी धड कौतुक केलेलं नव्हतं. भाऊजी तर रोज मूठभर तोंडात टाकून वर म्हणत, “बरे आहेत, पण विकतची सर नाही.”

आणि आज ओट्यावरच्या बरण्यांमागे एक पाकीट सापडलं. विकतचं, चकचकीत, अर्धं भरलेलं, तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावलेलं.

“म्हणजे माझ्या पाठीमागे विकतचे आणून खाताय!” ताईचे डोळे भरून आले. “आवडत नाहीत तर तोंडावर सांगा की! त्या बाईंना तरी कशाला फसवू? नाही म्हणून कळवून टाकते.”

“थांब! फोनला हात लावू नकोस,” भाऊजी गरजले. “ठसे असतील.”

“फोनवर कशाला ठसे असतील?” मेहुण्याने विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे, मेहुणे.”

डोळे तपासताना गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवतात ती लोखंडी चौकट भाऊजींनी स्वतःच्या नाकावर चढवली, तीत एकावर एक तीन काचा सरकवल्या आणि ते सरळ जाऊन फ्रिजवर आदळले.

“इथे कोणीतरी धिप्पाड उभा आहे.”

“फ्रिज आहे, भाऊजी.”

“असू दे. त्यालाही सोडायचं नाही.”

पहिला संशय त्यांच्या आईवर होता, कारण आई सकाळपासून घरात नव्हत्या. पण स्वतःच्या आईवर आळ घेणाऱ्या गुप्तहेराने जेवायचं कुठे, असा विचार करून तो संशय मागे घेण्यात आला. मग शेजारचा शिंपी. त्याने खिडकीतून पाकीट आत सोडलं असणार.

“अहो, चोर वस्तू नेतो. ठेवून कशाला जाईल?” मेहुणा म्हणाला.

“नेणारे पायलीचे पन्नास मिळतील. हा कलावंत आहे.” एवढ्यात भाऊजींनी चिमटा उचलला. “निळा! मेहुणे, परवा तुमचा शर्ट निळा होता.”

“घरातले सगळे चिमटे निळेच आहेत.”

“अरे बाप रे! म्हणजे टोळी आहे.”

शेवटी शास्त्रीय चाचणी ठरली. मेहुण्याच्या डोळ्यांवर पंचा बांधून भाऊजींनी त्याला एक वेफर ताईच्या डब्यातला भरवला, एक पाकिटातला. “पहिला बरा, की दुसरा? घाई नको. पहिला, की दुसरा?”

दुकानात गिऱ्हाईक बसवून ते अगदी याच सुरात विचारत. कधीकधी तीच काच पुन्हा घालत, तरी गिऱ्हाईक बिनदिक्कत सांगे, दुसरी बरी. मेहुण्याला हे सगळं ठाऊक होतं. त्याला दोन्ही वेफर सारखेच लागले होते. पण दुसऱ्या वेळी कानाशी पाकीट वाजलं होतं.

“दुसरा… जरा बरा वाटतोय,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“अहाहा!” भाऊजींनी स्वतः मूठभर कोंबले. “हा कुरकुरीतपणा घरच्या कढईत सात जन्मांत यायचा नाही. हे कारखान्याचंच काम! आणि काय गं, त्या बाईंनी चाखलेला नमुना तरी डब्यातला होता, की असल्याच पाकिटातला?”

“भाऊजी, पुरे!” मेहुण्याने डोळ्यांवरचा पंचा ओरबाडून काढला. एवढा आवाज त्याने त्यांच्यापुढे कधी चढवला नव्हता. ताईने डोळे पुसले आणि बाईंचा नंबर फिरवला.

तेवढ्यात आई दारातून आत आल्या. “अगं बाई! माझे वेफर कोणी काढले?”

“आई, तू विकतचे आणलेस?” भाऊजी किंचाळले.

“घरात डबाभर असताना विकतचे आणायला मला काय वेड लागलंय? हिचेच आहेत ते. त्या डब्याचं झाकण माझ्या बोटांना उघडत नाही मेलं. काल हिने उघडला, तेव्हा माझ्यापुरते काढून घेतले. जुनं पाकीट धुऊन ठेवलेलं होतं, त्यात भरले.”

फोनमधून बाईंचा “हॅलो, हॅलो” ऐकू येत होता. ताईने एकवार नवऱ्याकडे पाहिलं.

“हां, बाई, मीच बोलतेय. देते ना, दर आठवड्याला देते. चवीची काळजीच सोडा. आमच्याकडे एक मोठे तज्ज्ञ आहेत, त्यांना ते कारखान्याचे वाटले.”

भाऊजींनी नाकावरची चौकट उतरवली. “मला पहिल्याच घासाला कळलं होतं. गुन्हेगार गाफील राहावा म्हणून बोललो नाही.”

“कळलं होतं, तर माझ्या सुनेला रडवलंस कशाला?” आई म्हणाल्या. “बस खाली आणि बटाटे सोल.”

भाऊजींनी बटाटा हातात घेतला. ताईने पाकीट आईंच्या हातात दिलं. “पण आई, बरण्यांमागे का हो ठेवलेत?”

“आवडले म्हणून. आवडीची वस्तू उघड्यावर ठेवली, की हा दोन मुठींत संपवतो.”