लांबलेला दुखवटा

कद्दूर मास्तर गेले. घरात चार माणसं बसवायला जागा नव्हती, म्हणून लखदरने दुखवट्याचा मांडव थेट मैदानातच ठोकला. ओरान शहराच्या त्या वस्तीतल्या पोरापोरींना मास्तरांनी त्याच धुळीत फुटबॉल शिकवला होता, आणि लखदर जन्मभर त्यांचा मदतनीस होता.

दुसऱ्याच सकाळी बुलडोझर आला. तिथे वाहनतळ होणार हे ठरलेलं होतं. कधी, तेवढंच कुणाला ठाऊक नव्हतं. चालक ब्राहिम खाली उतरला, मांडव बघून चपापला, मृतासाठीची फातिहाची प्रार्थना पुटपुटला आणि पंगतीला बसला.

"दुखवटा कधी संपतोय?" कुसकुसचा घास घेत त्याने हळूच विचारलं.

"उद्या," म्हणता म्हणता लखदरची जीभ वळली. "म्हणजे... समुद्रापल्याडून, मार्सेलहून पाहुणे आले की."

मार्सेलला मास्तरांचं कुत्रंसुद्धा नव्हतं. आधी पाहुण्यांचं जहाज चुकलं, मग त्यातला चुलता आजारी पडला. ब्राहिम रोज चुलत्याची तब्येत विचारी आणि जेवून जाई. वाहनतळाच्या ठेकेदाराने सांत्वनाला मेंढा धाडला. मेंढ्याचा वास लांबवर गेला, आणि मास्तरांना जन्मात न पाहिलेली माणसं डोळे पुसत येऊ लागली.

मैदान वाचलं. फक्त त्यावर खेळता येईना. कुणी चेंडूला पाय लावला की लखदर धावायचा, "लाजा नाहीत? दुखवटा चाललाय!"

शेवटी मास्तरांच्या बायकोने, खैराने, त्याला घराच्या मैदानाकडच्या खिडकीशी बोलावलं. "पोरं कुठं मेली रे?"

"मान राखताहेत, वहिनी."

"कुणाचा? स्वतःच्या आईला पुरून आले, त्या संध्याकाळीसुद्धा सराव घेतला त्यांनी. आणि ही शांतता! झोप लागत नाही मला."

"खेळ सुरू झाला की मांडव उठेल, वहिनी. मग मैदानच जाईल."

"नुसत्या मैदानाचं काय लोणचं घालायचंय?"

नवरा गेल्यावर इद्दत पाळणारी बाई सहसा उंबरा ओलांडत नाही. खैरा पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली आणि काखेतला चेंडू तिने धुळीत टाकला. मग वर्दिया नावाच्या पोरीने त्याला लाथ घातली आणि कॉफीची किटली आडवी झाली. कुणी रागावलं नाही.

ब्राहिमने ताट खाली ठेवलं. "म्हणजे पाहुणे येत नाहीत."

"नव्हतेच," लखदर म्हणाला.

"ते पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण आता ठेकेदाराला काय सांगू?"

त्या दिवशी त्याने अंधार पडेपर्यंत खेळू दिलं. सकाळी बुलडोझरने सर्वांत आधी गोलचे खांब पाडले.

संध्याकाळी पोरं लखदरच्या दारात. "काका, सराव कुठं?"

वस्तीत मोकळी जागा एकच उरली होती, कबरस्तानाच्या भिंतीलगतचा उतार. वर्दियाच्या पहिल्याच फटक्याला चेंडू भिंतीपलीकडे गेला. लखदर आणायला आत शिरला. चेंडू ताज्या मातीच्या ढिगाऱ्याला टेकून थांबला होता. लखदर शेजारी बसला.

"काका, मिळाला का?" भिंतीपलीकडून हाक आली.

"मिळाला!" चेंडूवरची माती पुसत तो म्हणाला. "जरा थांबा. मास्तर ओरडताहेत."