अप्पांच्या तोंडावरची चटणी

"व्हिडिओतला ग्रेन, ते दाणे काढायचे म्हणजे काय मोठं? तांदळातले खडे निवडण्याइतकं सोपं!" असं चनबसप्पांनी शेजारच्या प्रभूला ठणकावून सांगितलं आणि तिथंच पुढच्या घोटाळ्याची मुहूर्तमेढ रोवली गेली.

चनबसप्पा, म्हणजे आख्ख्या गल्लीचे अप्पा, वीज खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना वीज वाचवा म्हणून सांगितलं, म्हणून स्वतःच्या घरात एकच मिणमिणता दिवा! बायको गुरम्मा गेल्यापासून त्या उजेडात बोलायला भिंतीच काय त्या उरल्या होत्या. मुलगी काव्या बंगळुरूला नोकरीत. 'करमेल तुम्हाला' म्हणून तिनं आपला मिररलेस कॅमेरा धाडून दिला होता. अप्पा दर रविवारी त्याच्यापुढं बसून आठवडाभराचं साचलेलं बोलत आणि तो व्हिडिओ लेकीला पाठवत. पण अंधारात कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड ओढून घ्यायची ताकद, चढायचा आणि अप्पांच्या तोंडावर शेंगाचटणी भुरभुरल्यासारखे दाणे उमटायचे!

परवा काव्याचा फोन आला. "अप्पा, किती खराब दिसताय हो! आजारी आहात का? संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतेच मी. रजा टाकते."

अप्पा हरखले. पण पोरीच्या जिवाला घोर नको, जत्रेच्या आमंत्रणाचा व्हिडिओ तरी चकचकीत हवा! प्रभू लग्नाचे व्हिडिओ करणारा. तो म्हणाला, "अप्पा, मोठा दिवा लावा की! दाणे आपोआप कमी हुत्यात. कंप्युटरवर लई पुसाय जाऊ नका, तोंड मेणाचं हुतंय."

"गप रे! मला शिकवतोस?" म्हणत अप्पांनी कंप्युटरवरची ग्रेन काढायची पट्टी पार शेवटच्या टोकाला नेली. दाणे गेले. त्यांच्याबरोबर सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचा काळिमा गेला, गालांचे खड्डे भरून आले. अप्पा थेट नवरदेव!

"अय्यो अप्पा!" व्हिडिओ बघून काव्या फोनवर खिदळली. "काय टवटवीत दिसताय! उगाच घाबरले मी. मग आता रजा नाही टाकत, ऑफिसात लई काम आहे. उन्हाळ्यात येते की!"

"आयतु, पुट्टी. बरं, पोरी," एवढंच अप्पा म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. इतकं एकटं त्यांना गुरम्मा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

मग ते उठले. दाणे परत आणायचे! भर दुपारी त्यांनी खिडक्यांना चादरी ठोकल्या, दिवा मालवला, आयएसओ चढेल तेवढा चढवला आणि कॅमेऱ्यापुढं कण्हायला लागले. "अय्यो... आई गं... पुट्टी..."

समोरच्या सोनाबाईंनी चादरी पाहिल्या, कण्हणं ऐकलं आणि हंबरडाच फोडला. "अप्पा चालले की हो!"

दार ढकलून प्रभू आत आणि मागोमाग सगळी गल्ली! कुणी पाणी पाजलं, कुणी तळपाय चोळले.

"कुटं दुकतंय अप्पा?"

"कुटं न्हाय! व्हिडिओ काढतोय."

"अंधार करून?"

"दाणे पायजे हुते," अप्पा पुटपुटले.

प्रभूनं कपाळावर हात मारला. "काल तर काढत हुता की!"

सगळे हसले, मग चहा झाला. तासभर घर कसं गजबजून गेलं. मग एकेक करत सगळे उठले आणि अप्पा कप विसळत बसले.

संध्याकाळी त्यांनी दाण्यांचा व्हिडिओ काव्याला पाठवला. कण्हणं ऐकून पोरगी घाबरेल म्हणून आवाज तेवढा काढून टाकला.

काव्याचा लगेच निरोप आला. 'अप्पा, कॅमेरा पार गेला हो! तोंडच दिसेना. थांबा, नवा पाठवते. अंधारातसुद्धा स्वच्छ येतं म्हणे!'

ऐन गड्ड्याच्या दिवशी खोकं घेऊन कुरिअरवाला दारात उभा राहिला.

"बसा की जरा. हुग्गी केलीय, गव्हाची खीर, खाऊन जावा."

"बसतो कुटं काका? ओटीपी सांगा."

अप्पांनी आधी चष्मा शोधला. मग एकेक आकडा, होईल तितका सावकाश सांगितला.