डावीकडून आलेली शीळ

माझा कान म्हणजे कान आहे! शेजारच्या घरात टाचणी पडली तर ती डोक्यावर पडली की टोकावर, तेही सांगेन. म्हणूनच तर पक्षीसंशोधक मॅडमनी मला घरबसल्या काम दिलं. जंगलातल्या झाडांना बांधलेल्या यंत्रांनी टिपलेले आवाज ऐकायचे आणि त्यात शीळकरी पक्षी शोधायचा. बावीस वर्षांत तो कुणालाच दिसलेला नाही. त्याची शीळ कुठेच टिपलेली नाही; ती कशी, ते मॅडमनी माझ्या वहीत लिहून दिलेलं. या आठवड्यात सापडला नाही तर शोध बंद, आणि शीळकरी कागदोपत्री नामशेष!

लेक झोपली की मी बसायचे. उजव्या कानात इअरफोन, डावा कान पाळण्याकडे.

शुक्रवारी दुपारी ऐकू आलं, "ई-ई-टिर्र्र!"

अंगावर सर्रकन काटा! लगेच वहीत लिहिलं : 'यंत्र सात. डावी बाजू. स्पष्ट.' आणि फोन लावला.

"मॅडम, सापडला!"

"हलू नकोस. आलेच!"

आल्या त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

"पक्षी मिळाला तो मिळाला," सासूबाई पुटपुटल्या, "पण खुर्चीवरची दुपटी उचल आधी!"

मॅडमनी तीनदा ऐकलं. नुसता वारा आणि किडे.

"कुठाय गं?"

"डावीकडून आला ना, मॅडम!"

"सातचा डावा माईक माकडाने कधीच उपटून नेलाय."

माझा डावा कान तापून लाल! तेवढ्यात पाळण्यातून आलं, "ई-ई-टिर्र्र!"

कालपर्यंत फक्त भोंगा वाजवणारी माझी लेक थुंकीचे बुडबुडे काढत हसत होती.

"सकाळपासून हेच चाललंय तिचं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आईला ठाऊक असेल!"

जमीन दुभंगावी तर आमचं घर दुसऱ्या मजल्यावर! पण मॅडम रागावल्या नाहीत. पाळण्यापाशी गुडघे टेकून त्यांनी डोळे मिटले.

"बावीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता मी. हुबेहूब असाच." मग एकदम उठल्या. "हिचा आवाज टिपून जंगलात वाजवूया! एखादा जरी उरला असेल ना, तर उत्तर देईल. आठवडाभर वाढवून मागते मी."

मुदत मिळाली. पाळण्याला यंत्र बांधलं. त्याला आज तीन दिवस झाले. आम्ही तिघी पाळण्यावर वाकून, जीव तोडून "ई-ई-टिर्र्र" करतोय, आणि लेक पायाचा अंगठा तोंडात घालून, अगदी मन लावून, ऐकतेय!