अमरावती ते अकोला: दोन वीजगाड्यांची मोहीम

श्रीअंबादेवीच्या कृपाछत्राखाली अमरावती शहरी, माघमासी, तुरी निघोन कापूस सरत आला असता, राजश्री खुशालरावसाहेब यांणी वीजगाडी घेण्याची जी मोहीम आरंभिली, तीत काय मनसुबे जाहले, कोण कोठे पेचात सापडले आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हे मागाहून येणारांस ठाऊक असावे, म्हणोन हा मजकूर लिहिला आहे. लिहिणाराने दोन्ही पक्षांचे अन्न खाल्ले आहे, सबब तराजू कोणीकडे कलता नाही.

खुशालराव हे बडनेरा मार्गावरील जिनिंगचे धनी. वलगावाकडे संत्र्यांचा बगीचा, शहरात दुमजली बंगला, वय साठीपार, मिशी अद्याप काळी राखिलेली. कापसाची गाडी फाटकात शिरली की खुर्चीवरून न उठता, हात न लाविता, नुसते पाहून माल कोणत्या प्रतीचा आणि ओल किती हे ते सांगत, आणि मग यंत्राने मोजले तरी उत्तर तेच निघे. या नजरेची कीर्ती नांदगाव खंडेश्वरापासोन दर्यापुरापर्यंत होती, आणि ती आपणांस ठाऊक आहे हे रावसाहेब कोणास विसरू देत नसत.

त्यांचे कुटुंब सौभाग्यवती सत्यभामाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त जाहल्या होत्या. लहान मोटार घेऊन त्या बाजारात, बँकेत, मैत्रिणींकडे एकट्या जात. परंतु रावसाहेब मोटारीत असले की बाई डावीकडे आणि चक्र रावसाहेबांच्या हाती, असा वहिवाटीचा कायदा होता. तो कोणी केला हे सांगता येत नाही. कोणी मोडला नव्हता, एवढे खरे.

तो या सालात असे जाहले की रावसाहेबांची जुनी डिझेलगाडी घरच्याच फाटकाच्या खांबास भिडली. रावसाहेबांनी खांबास कसूरवार ठरविले आणि तो पाडून मागे बांधविला. मग गाडी नव्या खांबासही भिडली. तेव्हा गाडी म्हातारी जाहली, सुकाणू ऐकत नाही, असा निवाडा होऊन ती बगीच्यात संत्री वाहण्याकडे नेमिली, आणि आता घ्यावयाची ती मोठी, उंच आणि विजेवर चालणारी, ऐसा हुकूम सुटला.

येथोन कलहास आरंभ जाहला. रावसाहेबांचा ओढा हाइनबर्ग या गाडीकडे. हे मोटारी घडविणारांचे पुराणे घराणे. दरवाजा लाविला तर तिजोरी लावल्याचा आवाज, आसने मऊ कातड्याची, गाडी खड्ड्यात उतरली तरी आतल्याच्या चहाचा थेंब सांडावयाचा नाही. उलट पक्षी नोवेक. हे घराणे काल-परवापावेतो मोबाईलच्या बॅटऱ्या करीत होते आणि आज एकाएकी मोटारींच्या गादीवर बसले. परंतु एका चार्जिंगात हाइनबर्गाहून पुष्कळ दूर जावे, छत सारे काचेचे, आणि आत एकही बटण नाही, जे काय ते एका भल्या थोरल्या पडद्यात.

नोवेकचे वकीलपत्र अकोल्याचे गयासुद्दीनसेठ यांजकडे. हे दालमिलचे मालक आणि खुशालरावांचे कॉलेजच्या वसतिगृहापासोनचे जिवलग. त्यांनी स्वतः नोवेक घेतली होती आणि तेव्हापासोन रोज सकाळी दूरध्वनीवरून तिचे पवाडे गात होते. रावसाहेब उत्तर करीत की आठ दिवसांच्या राजास आम्ही मुजरा करीत नाही, आणि तुझ्या गाडीचा पडदा बंद पडला तर दुरुस्तीस नागपुराखेरीज ठिकाण नाही. सेठ म्हणत की तू म्हाताऱ्यांची गाडी म्हातारपणी घेऊन राहिला. असे होता होता शब्द वाढले आणि उभयतांचे बोलणे बंद पडले. वसतिगृहात एका ताटात जेवलेले दोघे मोटारीपायी अबोला धरून बसले, हे ऐकोन गावचे लोक हसले, परंतु दोन्ही घरांत चैन नाहीसे जाहले.

तेव्हा सेठांच्या बेगम हलीमाबी आणि सत्यभामाबाई यांणी आपसांत खलबत करून फर्मान काढिले. ते असे: रविवारी दोन्ही गाड्या एकाच सडकेवर याव्या. रावसाहेबांनी अमरावतीहून हाइनबर्ग हाकीत मूर्तिजापूर गाठावे, सेठांनी अकोल्याहून नोवेक घेऊन तेथेच सामोरे यावे, मग रावसाहेबांनी नोवेक चालवून अकोल्यास यावे आणि जेवणाआधी फैसला द्यावा. हुकूम बायकांचा, सबब दोन्ही पक्षांनी बिनतक्रार शिरसावंद्य केला.

रविवारी सकाळी कूच जाहले. हाइनबर्गवाल्यांनी पारखीसाठी गाडी दिली होती आणि संगती किशोर नावाचा आपला माणूस मागील आसनी बसविला होता; सत्यभामाबाई वहिवाटीप्रमाणे डावीकडे. बडनेरे मागे पडले तोवर किशोर गुण गात होता आणि रावसाहेब डोलत होते. परंतु मोकळी सडक लागताच गाडीने कुरबूर आरंभिली. आधी टुंग असा आवाज केला, मग चक्र हातात थरथरले, मग समोर चहाच्या पेल्याचे चित्र उमटले. किशोराने अदबीने सांगितले की गाडी पट्टा सोडू लागली म्हणजे ऐसे होते, आणि हे चित्र थांबून विसावा घ्यावा अशी सूचना आहे. रावसाहेबांस ते मानवले नाही. पट्टाच पुसट रंगविला आहे, असे म्हणोन सडक बांधणारांस दोष दिला. आणि मूर्तिजापुरी उतरताना मात्र किंचित खिन्न मुद्रेने बोलिले की जुने घराणे खरे, परंतु भित्रे जाहले.

हे ऐकोन गयासुद्दीनसेठांस जो हर्ष जाहला तो वर्णवत नाही. अबोला तेथेच विसरला. त्यांनी मित्रास आलिंगन दिले, चहा पाजिला, आपल्या हाताने नोवेकचा दरवाजा उघडोन चक्रामागे बसविले, आपण शेजारी बसले, आणि सत्यभामाबाई मागे. किशोर हाइनबर्ग घेऊन पिछाडीस राहिला.

नोवेकात रावसाहेबांचे पहिले युद्ध पडद्याशी जाहले. छतातून ऊन डोक्यावर येत होते म्हणोन त्यांस थंड हवा वाढवावयाची होती. बोट लाविले तो गाणे लागले, पुन्हा लाविले तो आसन तापू लागले. सेठांनी सांगितले की हिला तोंडाने सांगावे, ही ऐकते. मग रावसाहेबांनी वऱ्हाडीत हुकूम केला, तो गाडीने नम्रपणे क्षमा मागितली आणि वर्ध्याचा रस्ता दाखविला. येथवर सर्व मंडळी हसत होती. परंतु पुढे गाडीच बोलू लागली. कृपया समोर पहा, म्हणाली. थोड्या अंतराने पुन्हा म्हणाली. रावसाहेब समोरच पाहत होते. ते संतापले आणि पाय दाबिला.

बोरगाव मंजूच्या अलीकडे, वळण संपते तेथे, एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह सडकेवर उभा होता. चाकातली हवा गेली होती आणि हाकणारा खाली वाकला होता. सेठ ओरडण्याआधी, रावसाहेबांचा पाय हलण्याआधी, नोवेकने आपणहून करकचून गती मोडिली आणि ट्रॉलीच्या अगदी मागे, हात लांबविला तर लागावा इतकी जवळ, उभी राहिली. पट्ट्यांनी सर्वांचे खांदे आवळले. सेठांचा चष्मा पायाशी पडला. हाकणाऱ्याने मान वर करून पाहिले आणि तो तसाच बसून राहिला.

 मग रावसाहेबांनी गाडी बाजूस घेतली आणि म्हणाले की आपण पाहिले होते, थांबणारच होतो, गाडीने उगाच घाई केली. 

सत्यभामाबाई मागून हळू बोलिल्या, "ट्रॉलीत काय होतं, सांगा."

"कापूस," रावसाहेब म्हणाले. "दुसरं काय राहीन?"

"तुराट्या होत्या."

रावसाहेबांनी वळून ट्रॉलीकडे पाहिले. डोळे बारीक केले, मान पुढे काढिली आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. तुरीच्या वाळक्या काड्यांचा तपकिरी भारा उन्हात उभा होता, आणि ज्या पुरुषाने नुसत्या नजरेने वऱ्हाडचा कापूस तोलला त्यास तो ओळखू येईना.

"उतरा आता," बाई म्हणाल्या. "गाडी मी चालवीन."

"काहून? मले दिसत नाही काय?"

"नाही दिसत तुमाले. मले खांबापासूनच ठाऊक आहे. तुमाले वाईट वाटीन म्हणून बोलली नाही. आज तो माणूस मेला असता."

रावसाहेबांनी मित्राकडे पाहिले, की हा तरी आपला पक्ष घेईल. सेठांनी पायाशी पडलेला चष्मा उचलोन पुसला आणि म्हणाले, "खुशाल, उतर. भाभी बरोबर सांगून राहिल्या."

मग रावसाहेब उतरले. चक्रावरोन डावीकडे जाण्यास गाडीला वळसा घालावा लागतो. तो वळसा त्यांस फार लांब वाटला. त्यांनी आधी ट्रॅक्टरवाल्याजवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेविला, किशोरास त्याचे चाक बसवू लागण्यास सांगितले, आणि मग येऊन मित्राने मोकळ्या केलेल्या डाव्या आसनी बसले. सत्यभामाबाईंनी आसन पुढे ओढिले, आरसे आपल्याजोगे केले आणि गाडी सडकेस घातली. अकोला येईतोवर नोवेक एक शब्दही बोलली नाही. हे तिघांच्याही ध्यानी आले.

अकोल्यास हलीमाबींनी दस्तरखान मांडिला होता. रावसाहेब मान खाली घालोन जेवीत होते. बेगमांनी झाला प्रकार ऐकिला, पानात आणखी वाढिले आणि म्हणाल्या की यात शरम कशाची, मोतीबिंदू आपणांसही जाहला होता, दोन्ही डोळ्यांचा काढिला. "आता तं मले भितीवरची पाल बी दिसते," असे त्या म्हणाल्या, "आणि सेठची दाढी कुठं कच्ची राहिली ते बी." यावर रावसाहेब प्रथम हसले. मग त्यांनी सांगितले की या हंगामात कापूस आपण गुपचूप मुठीत चोळून पाहत होतो, आणि ते कोणास कळू नये म्हणोन दिवाणजीस त्या वेळी पाणी आणावयास धाडीत होतो. सेठांनी विचारिले की मले तरी काहून नाही सांगितलं. रावसाहेब म्हणाले की तू बोलत नव्हता. त्यावर सेठांनी मित्राच्या ताटातली बोटी उचलोन खाल्ली, आणि तहाचे कलम एवढ्यावरच पुरे जाहले.

परंतु गाड्यांचा फैसला राहिलाच होता. रावसाहेबांनी भर पंगतीत जाहीर केले की आज्ञा सत्यभामाबाईंची, आपण लुडबुड करणार नाही.

तेव्हा बाईंनी पारख आरंभिली, आणि ती पूर्वीच्या कोणत्याही पारखीसारखी नव्हती. हलीमाबींस शेजारी घेऊन त्यांनी आधी नोवेक आणि मग हाइनबर्ग अकोल्याच्या गर्दीत घातली. कापड बाजाराच्या बोळातून काढिली, उलटी घेतली, दोन रिक्षांच्या मधोमध लाविली. नोवेक ताकदीची, मागे पाहण्याचे कॅमेरे अव्वल, चार्जिंगात कोणी हात धरू शकत नाही, हे त्यांनी खुल्या दिलाने कबूल केले. परंतु हवा कमी करण्यास पडद्यात शिरावे लागते आणि तेवढ्यात नजर सडकेवरोन उठते. हाइनबर्गात थंड हवेचे चाक हातास न पाहता सापडते, काच खाली घेण्याचे बटणही तसेच. शिवाय हलीमाबींनी फितुरी करून सांगितले की माघातच काचेचे छत डोके तापविते, मग वैशाखात अकोल्याची भट्टी पेटली म्हणजे त्या स्वतः घरच्या गाडीत डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसतात. सेठ हे ऐकोन चकित जाहले. त्यांस वाटत होते की बेगम अदबीने डोक्यावर ओढणी घेतात.

बाईंनी किशोरास एकच सवाल केला, की ती ट्रॉली आडवी आली असती तर तुमची गाडी थांबली असती काय. किशोर नुसत्या होकारावर थांबला नाही. शहराबाहेर मोकळ्या मैदानात पुठ्ठ्याची खोकी रचोन त्याने दाखविले, आणि हाइनबर्ग खोक्यांच्या अलीकडे निमूट उभी राहिली. तेव्हा कौल हाइनबर्गास मिळाला. जे घराणे रावसाहेबांनी आधीपासोन उचलोन धरिले तेच जिंकले, परंतु रावसाहेबांस मिशीवर ताव देण्याचा उत्साह उरला नव्हता. आणि हारलेले सेठ मात्र आनंदात होते, की आपल्या नोवेकने आज एका गरिबाचा जीव राखिला, याहून तिला दुसरा किताब नको. रावसाहेबांनी बाहेर जाऊन नोवेकच्या बोनेटावर हात फिरविला. हे सेठांनी खिडकीतून पाहिले आणि कोणास सांगितले नाही.

पुढे रावसाहेबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया अमरावतीस यथास्थित पार पडली. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी पत्नीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले की तुझे केस इतके पांढरे कधी जाहले. बाई म्हणाल्या, तुमचीही मिशी मुळाशी पांढरीच आहे, न्हाव्याने सांगितले नाही काय.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा उभयतांनी रिद्धपुरास दर्शनाला जाण्याचे ठरविले. नवी हाइनबर्ग दारी उभी होती. बाईंनी आपण होऊन किल्ली रावसाहेबांच्या हाती ठेविली आणि डावीकडे बसल्या. रावसाहेब मोठ्या रुबाबात चक्रामागे विराजमान जाहले. आसन ज्याचे त्यास जुळावे म्हणोन दारात अंकांचे खटके होते. रावसाहेबांनी घरधन्याच्या सहज हक्काने एकाचा खटका दाबिला. तो आसन सरसर पुढे निघाले, वर उचलले गेले, गुडघे समोरच्या फळीस टेकले, आणि चक्र खाली उतरोन पोटावर स्थिरावले. रावसाहेब पेचात सापडले. मागे सरता येईना.

सत्यभामाबाई समोर पाहत म्हणाल्या, "तुमचा दोन नंबर."

रावसाहेबांनी क्षणभर विचार केला, मग पोट आत ओढोन, हात कसाबसा पोचवोन दोनाचा खटका दाबिला, तो आसन मागे सरले, श्वास मोकळा जाहला, आणि गाडी आवाज न करता रिद्धपुराकडे चालती जाहली. पहिल्या खटक्यावर सत्यभामाबाईंचा आणि दुसऱ्यावर खुशालरावांचा अंमल उभयतांच्या राजीखुशीने मुक्रर जाहला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते.