कपाटाखालच्या वाट्या

मुंग्या साखरेच्या डब्यात शिरल्या, तेव्हा घड्याळजींची बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि लेक यायला तीन तास उरले होते. ती रिकामी बॅग घेऊन येणार होती. घर नीटनेटकं दिसलं तर ठीक, नाहीतर बाबांचे कपडे भरून त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. घड्याळजींना जायचं नव्हतं. दुसरीकडे झोप लागत नाही, असं ते सांगत. खरं म्हणजे बायकोची खुर्ची सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

जन्मभर घड्याळं दुरुस्त करताना चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचललेल्या माणसाने मुंग्यांपुढे हात टेकायचे म्हणजे काय! त्यांनी ओट्यावर औषधी खडूची रेघ ओढली. मुंग्या वळसा घालून आल्या. मग त्यांनी डबा झोपायच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. तासाभरात रांग कपाटावर चढली, तीही नेमकी बायकोच्या कपड्यांमधून.

आता कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. तीन पाय बसले. चौथ्याला कमरेत अशी उसण भरली की कपाट सोडवेना आणि धरवेना. लेक किल्लीने दार उघडून आत आली, तेव्हा बाबा कपाटाला मिठी मारून उभे होते.

"बाबा, हे काय?"

"मुंग्या."

"मुंग्यांनी कपाट उचललंय?"

"आधी ती वाटी सरकव, मग बोल."

तिने वाटी सरकवली, त्यांना पलंगावर बसवलं आणि बॅग उघडली.

"तुझी आई होती तोवर घरात एक मुंगी दिसली नाही," ते पडेल आवाजात म्हणाले. "आता घरात कुणी नाही, हे त्यांनाही कळलं."

लेकीचा हात थांबला. "आई रोज सकाळी मागच्या पायरीवर साखर घालायची त्यांना. बाहेरच खा म्हणायची."

"मला कधी बोलली नाही!"

"कशी बोलणार? साखर दर महिन्याला वीस तारखेलाच संपते कशी, म्हणून चाळीस वर्षं तिला फैलावर घेत होतात."

घड्याळजींना रडू आवरेना. मग कंबर धरून ते उठले आणि डबा घेऊन मागच्या दाराशी गेले. लेकीने पायरीवर चिमूटभर साखर घातली. थोड्या वेळाने कपाटावरची रांग विरळ झाली.

"बॅग भरू ना?" तिने हळूच विचारलं.

"आणि उद्या सकाळी यांचं कोण बघणार?"

घड्याळजींनी पायरीवरच्या साखरेकडे नाराजीने पाहिलं.

"एवढीशी काय घातलीस? अजून घाल. डबा वीस तारखेला संपला पाहिजे."